तंजावरची विलायती खरेदी

आमची बदली तंजावरास झाली, त्यास आता तीन वर्षे होत आली. कार्यालयातील नस्त्या, दुपारचा घाम आणि संध्याकाळचा एकटेपणा यांवर उतारा म्हणून आम्ही येथे आल्यावर सायकल घेतली. कावेरीचा हा मुलूख तळहातासारखा सपाट आहे. रविवारी पहाटे निघावे. वडवारू, वेण्णारू, वेट्टारू, कुडमुरुट्टी आणि शेवटी खुद्द कावेरी असे पाच प्रवाह ओलांडावे. सुमारे १३ किलोमीटरांवरील तिरुवैयारूच्या घाटावर तोंड धुवावे, आणि ऊन तापण्यापूर्वी परत यावे, असा आमचा क्रम ठरून गेला होता.

गेल्या वर्षी अशाच एका रविवारी चिखलाच्या चाकोरीत सायकल आडवी झाली आणि मागच्या चाकाजवळची एक बारीकशी पट्टी मोडली. साखळीला एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर नेणारे जे साधन असते, ते सांगाड्याला ज्या पट्टीने जोडलेले असते ती ही पट्टी. सायकलवाले तिला हँगर म्हणतात. बोटभर लांब, वजनाने जेमतेम दोन तोळे. परंतु तिच्यावाचून सगळी सायकल भिंतीला टेकलेली! प्रत्येक बनावटीच्या सांगाड्याची पट्टी निराळी असते, हे आम्हांस तेव्हा कळले. गावात ती मिळाली नाही, चेन्नईतही मिळाली नाही. अखेर संगणकावर शोधता शोधता एका परदेशी दुकानाच्या यादीत ती सापडली. आम्ही चित्र पाहिले, क्रमांक पाहिला, पैसे भरले आणि वाट पाहू लागलो.

पाच आठवडे वाट पाहिली. मध्यंतरी जकातीचा हिशेब आला, ओळखपत्राची मागणी आली, वस्तू कशासाठी हवी याचा खुलासा मागविण्यात आला. आम्ही स्वतः सरकारी कारकून असल्यामुळे कागद कोणत्या टेबलावर किती विसावा घेतो हे जाणून होतो. म्हणून रागावलो नाही. मूळ किमतीच्या निम्म्याहून अधिक रक्कम वर भरून पुडके हाती घेतले, ते उघडले, आणि पट्टी बसेना! क्रमांकातील शेवटचे एक अक्षर वाचण्यात आम्हीच चूक केली होती. दूरच्या वस्तूची मागणी करणे हीदेखील एक विद्या आहे, आणि ती आम्हांस येत नव्हती.

या पाच आठवड्यांत सायकल बंद असल्यामुळे आमचे रविवार राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहालयात जाऊ लागले. तेथील काचेच्या कपाटांतून इंग्रजी, फ्रेंच ग्रंथ मांडलेले आहेत. शार्ल ल ब्रँ या फ्रेंच चित्रकाराचे, माणसांचे आणि जनावरांचे चेहरे शेजारी शेजारी ठेवून काढलेले तक्ते आहेत. या संग्रहातील पुष्कळ ग्रंथांवर सरफोजी राजांनी आपल्या हाताने इंग्रजीत सही केलेली आहे आणि तारीख घातली आहे. आम्ही हे पूर्वीही एकदा पाहिले होते; पण तेव्हा आमची कोणतीही वस्तू समुद्रावर अडकलेली नव्हती. या वेळी त्या सह्या आम्हांस निराळ्या दिसल्या. प्रत्येक सही म्हणजे कोण्या एका दिवशी उघडलेले एक पुडके होते. ते कोठून निघाले, कोणत्या वाटेने आले, आणि उघडल्यावर त्याचे पुढे काय झाले, हे प्रश्न आमच्या मनात घोळू लागले. हा लेख त्या घोळण्याचे फळ आहे.

सरफोजी राजांची हकीकत आपणां वाचकांस ढोबळ मानाने ठाऊक असेल. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले. त्यांच्या वंशातील तुळजाजी राजांनी १७८७ साली, मृत्यूच्या अगदी तोंडावर, दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले. गादी मात्र तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंग यांनी बळकावली. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने या मुलाचा कैवार घेतला. १७९३ साली त्याला मद्रासेस नेण्यात आले आणि तेथे गेरिके या दुसऱ्या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली तो शिकला. १७९८ च्या जून महिन्यात कंपनी सरकारने त्याला गादीवर बसविले. आणि पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १७९९ रोजी, त्याच्याकडून तह लिहून घेतला. राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला आणि त्याच्या आसपासची थोडी जागा उरली. दरसाल एक लाख पॅगोडा, म्हणजे सुमारे साडेतीन लाख रुपये, आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा एवढे त्यांस मिळावे, असे ठरले.

बावीस वर्षांचा एक तरुण, हाती भरपूर पैसा, डोक्यात युरोपीय शिक्षण, आणि करावयास राज्यकारभार नाही. फौज नाही, वसुली नाही, न्याय नाही. अशा स्थितीतील संस्थानिकांनी पुढे काय केले हे हिंदुस्थानच्या इतिहासात पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आहे, आणि ते वाचून मनाला आनंद होत नाही. सरफोजींनी जे केले ते निराळे होते. त्यांनी मागण्या लिहिल्या.

त्या काळी लंडनहून वस्तू मागविणे म्हणजे काय होते, याची कल्पना आज करणे कठीण आहे. सुवेझचा कालवा १८६९ साली उघडला. त्यापूर्वी सगळा माल आफ्रिकेला वळसा घालून येई. वारा अनुकूल असला तर चार महिने, नसला तर सहा. मागणीचे पत्र जाण्यास एवढाच वेळ, वस्तू येण्यास पुन्हा तेवढाच. म्हणजे आज लिहिलेल्या पत्राचे उत्तर वर्षाआड. १८१३ च्या सनदेपर्यंत विलायतेशी व्यापार करण्याचा मक्ता कंपनीकडे होता, आणि खाजगी माल यावयाचा तोही तिच्याच नियमांच्या आधीन राहून. मद्रासेस बंदर असे नव्हतेच. जहाजे खोल पाण्यात नांगर टाकीत. आणि काथ्याने शिवलेल्या मसुला होड्यांतून, फुटणाऱ्या लाटांवरून, पेटारे किनाऱ्याला आणले जात. काचेचे उपकरण सहा महिने समुद्रावर सुखरूप राहून शेवटच्या अर्ध्या मैलात फुटावे, हे तेव्हा नवल नव्हते.

या वाटेवरचा सर्वांत बोलका प्रसंग सरफोजींच्या आधीचा, पण तंजावरच्याच भूमीवरचा आहे. समुद्रकाठचे तरंगंबाडी हे गाव १६२० पासून डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांकडे होते. तेथील मिशनऱ्यांसाठी लंडनच्या एका ख्रिस्ती मंडळीने १७११ साली एक छापखाना आणि तो चालविण्यास एक मुद्रक, असे दोन्ही जहाजाने पाठविले. त्या वेळी तंजावरच्या गादीवर दुसरे शहाजीराजे होते. ते जहाज ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ फ्रेंचांनी पकडले. खंडणी भरून ते सुटले. पण मुद्रक वाटेतच वारला, आणि १७१२ साली यंत्र तेवढे एकटे येऊन पोहोचले. पुढे डॅनिश चाकरीतील एका शिपायाला छपाईचे काम येते असे आढळले आणि त्याच्या हातून ते यंत्र चालू झाले. जर्मनीतील हाले येथून तमिळ खिळे आले, ते इतके मोठे की कागद पुरेना. तेव्हा मिशनऱ्यांनी जवळच्या पोरैयार येथे लहान खिळे ओतविले. आणि त्यासाठी लागणारे शिसे मिळविले ते विलायतेहून आलेल्या चीजच्या वेष्टनांतून! १७१४-१५ मध्ये तमिळ नवा करार छापून निघाला, त्यामागे ही सगळी धडपड होती.

आम्ही ही हकीकत मुद्दाम विस्ताराने दिली. दूरदेशाहून यंत्र येते, परंतु ते जसेच्या तसे कधीच उपयोगी पडत नाही. त्याला येथील हात लागावा लागतो, येथील शिसे लागावे लागते. श्वार्ट्झ हा याच तरंगंबाडीच्या परंपरेतील मिशनरी, आणि सरफोजी हे त्याच्या छत्राखाली वाढलेले. या कथा त्यांच्या कानांवरून गेल्या नसतील असे मानणे कठीण आहे.

आता राजांनी काय मागविले ते पाहू. ग्रंथ मागविले, त्यांची संख्या चार हजारांवर गेली. त्यांत डॉक्टर जॉन्सन यांचा कोश आहे, लाव्हाझिए यांचे रसायनशास्त्र आहे, शरीरशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्रवासवर्णने, नाटके आहेत. दुर्बिणी, खगोलाची साधने, हवा काढून घेण्याचा पंप, विजेची ठिणगी पाडणारे यंत्र, शस्त्रवैद्याच्या हत्यारांच्या पेट्या, हे सारे राजवाड्यात होते. अभ्यासासाठी हस्तिदंताचा एक मानवी सांगाडाही होता. १८२६ साली बिशप हेबर तंजावरास आले, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी या वस्तू पाहिल्या. लाव्हाझिए, लिनेअस, बुफाँ यांच्या ग्रंथांतील वचने राजे सहज सांगतात आणि शेक्सपिअरच्या काव्याची पारख त्यांना लॉर्ड बायरनपेक्षा अधिक नेमकी आहे, असा अभिप्राय हेबर यांनी लिहून ठेवला. बिशपसाहेबांच्या लेखणीत पाहुण्याचा गोडवा थोडा असेलच. तरी तो वजा जाताही बरेच उरते.

या खरेदीसाठी राजांस मध्यस्थ लागत. मद्रासेतील अडत्ये होते, जाणारे-येणारे अधिकारी होते. बेंजामिन टॉरिन हे तंजावरास कंपनीचे रेसिडेंट होते. ते विलायतेस परतल्यावर लंडनमध्ये राजांचे खरेदीचे काम पाहू लागले. राज्याचे हक्क ज्या कंपनीने घेतले, तिच्याच माजी रेसिडेंटाकडून पुस्तके आणि यंत्रे मागवावयाची, यातील विसंगती राजांच्या लक्षात आली नसेल असे नाही. पण दुसरा दरवाजा उघडा नव्हता. आणि व्यवहार एकेरीही नव्हता. तंजावरच्या चितारी लोकांनी काढलेली प्राण्यांची व वनस्पतींची चित्रे टॉरिन यांच्या हातून लंडनला गेली आणि कंपनीच्या संग्रहात जमा झाली. येथून ज्ञान गेले आणि तेथून ज्ञान आले. तराजू एका बाजूस झुकला असेल, पण दुसरे पारडे रिकामे नव्हते.

सगळ्या मागण्यांत आम्हांस जी अधिक विचार करावयास लावते, ती यंत्राची नव्हे, संगमरवराची. १७९८ च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ वारले. त्यांचे स्मारक करण्यासाठी राजांनी लंडनचे शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांना काम दिले. शिवगंगा तलावाजवळच्या जुन्या चर्चमध्ये आजही तो शिल्पपट आहे. मृत्युशय्येवर वृद्ध मिशनरी, उशाशी गेरिके, जवळ काही मुले, आणि गुरूचा हात हाती घेतलेले राजे. खाली इंग्रजी पद्यपंक्ती आहेत, त्या राजांनी स्वतः रचल्या. फ्लॅक्समन यांनी तंजावर कधी पाहिले नव्हते. एका राजाने आपल्या मनातील दुःखाचे वर्णन सातासमुद्रापलीकडे पाठविले, अनोळखी माणसाने ते दगडात उतरविले, आणि तो दगड पुन्हा समुद्र ओलांडून मूळ जागी आला. आम्हांस क्रमांकातील एक अक्षर नीट लिहिता आले नाही. राजांनी शोक लिहून पाठविला आणि तो बरोबर पोहोचला!

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. राजे जन्मभर आपल्या धर्मात राहिले. आणि स्वतःच्या कुळाची कथा सांगण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी लंडनकडे पाहिले नाही. १८०३ साली बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतींवर भोसले वंशाचे चरित्र त्यांनी कोरविले. भाषा मराठी, दगड येथील, कारागीर येथील. परकीय वस्तूंची हौस आणि स्वत्वाचा विसर या दोन गोष्टी आपण पुष्कळदा एकत्र बांधतो. तंजावरचा हा शिलालेख ती गाठ सोडवितो.

एवढे सगळे मागविले, त्याचे केले काय? कोणत्याही खरेदीची परीक्षा येथेच होते. राजवाड्यात आरसे आणि झुंबरे दुसऱ्या संस्थानिकांनीही आणली. सरफोजींनी आणलेल्या वस्तू कामाला लावल्या. नवविद्याकलानिधी शाळेच्या नावाने त्यांनी १८०५ साली देवनागरी छापखाना उभारला. १८०६ मध्ये तेथून 'बालबोध मुक्तावली' निघाली. इसापाच्या गोष्टींचा हा मराठी अनुवाद सख्खन पंडितांनी केला होता. त्या वेळी मराठी छपाईची स्थिती काय होती हे ध्यानात घेतले पाहिजे. बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली छापले गेले. त्याच वर्षी मिरजेस गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापण्यात आली. मुंबईचे 'पंचोपाख्यान' निघाले ते १८२२ साली. म्हणजे मराठी मुलांच्या हाती छापील गोष्टींचे पुस्तक द्यावे असे ज्याला वाटले, तो राजा महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, तमिळ प्रदेशाच्या मधोमध राहत होता. बदलीच्या गावी राहणाऱ्या आपणांसारख्यांनी ही गोष्ट मनात जपून ठेवण्याजोगी आहे.

वैद्यकाची कथाही अशीच आहे. धन्वंतरी महालात देशी वैद्य आणि युरोपीय वैद्यक यांचा संगम घडविण्यात आला. तेथे तपासलेल्या औषधयोगांचे संकलन पुढे 'सरभेंद्र वैद्यमुरैगळ' या नावाने तमिळमध्ये प्रसिद्ध झाले. नेत्ररोग्यांची टिपणे जपून ठेवली आहेत. त्यांत चाळीसहून अधिक रोग्यांची हकीकत आहे आणि काहींच्या डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत. शस्त्रक्रिया राजे स्वतः करीत अशी परंपरा आहे. हत्यार कोणाच्या हाती होते यापेक्षा आम्हांस त्या टिपणांचे मोल अधिक वाटते. रोगी आला त्या दिवशी डोळा कसा होता, औषध काय दिले, नंतर काय झाले, हे लिहून ठेवणे ही सवय पेटीत घालून लंडनहून येत नाही. हत्यारे विकत मिळतात, टिपण ठेवण्याची शिस्त विकत मिळत नाही. आम्हां कारकुनांस हे अधिक सांगावयास नको.

या सर्व गौरवावर आक्षेप घेता येतो, आणि तो घेतलाही पाहिजे. पैसा कोणाचा होता? राजांच्या वाट्याचा पाचवा हिस्सा म्हणजे कावेरीच्या चिखलात उभे राहून ज्यांनी भात लावले, त्यांच्या घामाचा पाचवा हिस्सा. दुर्बिणीतून गुरूचे चंद्र पाहणाऱ्याने त्या शेतकऱ्यासाठी काय केले? याचे एक उत्तर तंजावरच्या दक्षिणेस वीस-बावीस किलोमीटरांवर ओरत्तनाडू येथे उभे आहे. मुक्तांबाळ छत्रात वाटसरूंना अन्न मिळे, आजाऱ्यांना औषध मिळे, आणि मुलांना अनेक भाषांचे शिक्षण मिळे. छत्रे आपल्याकडे ठेवण्याचा राजांचा आग्रह होता. हे उत्तर पुरेसे आहे असे आम्ही म्हणत नाही. वसूल ठरविण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता हे खरे. पण वसुलातून येणारा पैसा ते घेत होते, हेही खरे. इतिहास लिहिताना आपल्या माणसाच्या बाबतीत दुसरे वाक्य गाळण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. हे सगळे एका माणसाच्या हौसेवर उभे होते. ७ मार्च १८३२ रोजी सरफोजी वारले. त्यांच्यामागे पुत्र शिवाजीराजे गादीवर बसले. १८५५ च्या ऑक्टोबरात तेही पुत्रावाचून निवर्तले. आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांनी किल्ल्यासह राजवाड्यातील सर्व चीजवस्तू ताब्यात घेतल्या. थोरल्या राणी कामाक्षीबाई यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला आणि तो जिंकला. पण १८५९ साली प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरविला. ही राज्यकृती आहे, तिच्यावर न्यायालयाचा अधिकार चालत नाही, असे ठरले. पुढे १८६२ मध्ये सरकारने खाजगी मालमत्ता परत केली, ती हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून. ज्या राजाने लंडनच्या दुकानदारांची बिले चुकती केली, त्याच्या सुनेला लंडनच्या न्यायासनाने रिकाम्या हाती परत पाठविले!

या उलथापालथीत काय टिकले आणि काय गेले याचा विचार करू लागलो, तेव्हा आम्हांस एक गोष्ट आढळली. ज्या वस्तू केवळ राजांच्या हाती चालत, त्या त्यांच्याबरोबर थांबल्या. छापखाना बंद पडला. विजेचे यंत्र आणि हवेचा पंप मुके झाले. ज्या गोष्टींना इतर हात लागले होते, त्या मात्र राहिल्या. ग्रंथालय राहिले, कारण त्यात पंडितांचे आणि लेखकांचे श्रम होते. १८२० ते १८२२ या काळातील काशीयात्रेत राजांनी जमविलेल्या पोथ्या त्यात होत्या. पुढे जंबुनाथभट लांडगे यांच्यासारख्या तंजावरच्या मराठी घराण्यांनी आपले संग्रह त्यात घातले. १९१८ साली ते सार्वजनिक झाले. दरबारचे हिशेब आणि पत्रे मोडी लिपीत आहेत. त्यांतील पुष्कळांचा अनुवाद तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने तमिळमध्ये करून छापला. आपले कागद वाचण्याची मेहनत दुसऱ्या भाषेच्या विद्वानांनी घेतली, याबद्दल कृतज्ञता आणि थोडीशी लाज, दोन्ही आम्हांस वाटली.

आणि व्हायोलिन राहिले. ते युरोपीयांबरोबर या किनाऱ्यावर आले. बालुस्वामी दीक्षितर, आणि तंजावर दरबारच्या प्रसिद्ध चार बंधूंपैकी वडिवेलु, यांनी ते कर्नाटक संगीतात आणले. वाद्य तेच राहिले, पण ते धरण्याची तऱ्हा बदलली. मांडी घालून बसावे, वाद्याचे टोक पावलावर टेकवावे आणि गमक वाजवावे, अशी रीत पडली. आज तंजावरच्या कोणत्याही मैफलीत ते परके आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. जी वस्तू येथे येऊन अशी मांडी घालून बसली, तीच येथली झाली.

तिरुवैयारूच्या घाटावर बसले म्हणजे आणखी एक कथा आठवते. सरफोजींचे समकालीन त्यागराज तेथे राहत. राजांनी त्यांना दरबारात बोलावले आणि त्यांनी येण्याचे नाकारले, अशी परंपरा आहे. कथा म्हणूनच ती सांगतो. सहा महिन्यांच्या वाटेवरचा संगमरवर मागविता आला, पण पाच नद्यांपलीकडचा गायक मागविता आला नाही. काय मागविता येते आणि काय येत नाही, याची सीमा तंजावरात अशी तेरा किलोमीटरांवर आहे.

सायकलीचीच गोष्ट घ्या. आमच्या आजोबांच्या पिढीत सायकल मुळात जहाजानेच येई. नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमची हर्क्युलस आणि बीएसए, ही नावे तेव्हा घरोघर माहीत होती. १९४९ साली मद्रासजवळ अंबत्तूर येथे टीआय सायकल्सची स्थापना झाली आणि विलायती नावाच्या सायकली येथील कामगारांच्या हातून तयार होऊ लागल्या. आज भाताच्या बांधावर टेकलेली सायकल कोणाला विलायती वाटते? तिचेही व्हायोलिनासारखेच झाले.

आता आमच्या पट्टीचे काय झाले ते सांगून लेख संपवितो. ती परत पाठवावी तर खर्च तिच्या किमतीहून अधिक. महिनाभर ती टेबलाच्या खणात पडून होती. एके दिवशी दक्षिण वीथीवरील एका सायकल-मिस्त्र्याकडे आम्ही ती घेऊन गेलो. म्हातारा माणूस, असल्या बनावटीची सायकल त्याच्या दुकानात क्वचितच आलेली. त्याने मोडकी पट्टी आणि नवी पट्टी एकावर एक धरून उजेडात पाहिली. आमच्या मोडक्या तमिळमध्ये आम्ही सांगितले, की ही लंडनहून आली आहे आणि बसत नाही.

"बसेल सार," तो म्हणाला. "तिला कुठे जायचं आहे ते अजून कोणी सांगितलेलं नाही."

त्याने कानस घेतली. अर्ध्या तासात एक कड घासली, भोक किंचित रुंद केले, आणि पट्टी बसवून चाक फिरवून दाखविले. साखळी एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर अलगद गेली. मजुरी त्याने चाळीस रुपये सांगितली. पोरैयारच्या ओतकाऱ्यांनी चीजच्या शिशातून खिळे पाडले, ते याहून फार निराळे काम नसावे.

आपण बहुतेक बदलीची माणसे. एका गावातून दुसऱ्या गावी जातो, पेट्यांतून भांडी, पुस्तके, देव घेऊन जातो, आणि तीन-चार वर्षांनी पुन्हा पेट्या बांधतो. आपण आणलेल्या गोष्टींपैकी त्या गावात काय राहते? सरफोजींचे पूर्वज या मुलखात तलवार घेऊन आले होते. ती तलवार राहिली नाही, राज्यही राहिले नाही. ज्याला येथील हात लागले, तेवढे राहिले. आमच्या बदलीचा हुकूम केव्हा येईल सांगता येत नाही. तोवर रविवारी पहाटे आम्ही पुन्हा पाच नद्या ओलांडीत आहोत, आणि मिस्त्र्याने घासलेली ती पट्टी अद्याप नीट चालते आहे.